सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला बसवायचं कसं? ‘पोझिशनिंग’ इतकं महत्त्वाचं का?

एक साधा प्रयोग करून बघा. मान पूर्ण मागे टाका, नजर छताकडे ठेवा आणि आवंढा गिळा. अवघड जातं ना? आता हनुवटी किंचित छातीकडे झुकवून पुन्हा गिळा. फरक लगेच कळेल.

सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांना रोजचं जेवण पहिल्या स्थितीत गिळावं लागतं. आई मुलाला मांडीवर आडवं घेते, ताठरपणामुळे त्याची मान मागे जाते आणि भरवणं तासभर चालतं. ठसका लागतो, घास बाहेर येतो. घरातल्यांना वाटतं, मूल खायला त्रास देतंय. पण अनेकदा प्रश्न हट्टाचा नसतो, त्याला कसं धरलंय याचा असतो.

लहान मुलांच्या ऑक्युपेशनल थेरपीत, म्हणजे व्यवसायोपचारात, म्हणूनच ‘थेरप्युटिक पोझिशनिंग’वर भर दिला जातो.

पोझिशनिंग म्हणजे नेमकं काय?

डगमगत्या स्टुलावर बसून सुईत दोरा ओवायचा म्हटलं, तर सगळं लक्ष न पडण्याकडेच जाईल. या मुलांचं दिवसभर तेच होतं. बसताना, झोपताना, उभं राहताना शरीराला योग्य आधार मिळाला की तोल सांभाळण्यात जाणारी ताकद खाणं, खेळणं, बघणं, बोलणं यासाठी मोकळी होते.

सेरेब्रल पाल्सीत वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. ती इजा पुढे वाढत नाही. पण वयानुसार स्नायू आखडू शकतात, सांधे वाकडे होऊ शकतात. सुमारे एक तृतीयांश मुलांमध्ये खुब्याचा सांधा जागेवरून सरकतो. नुसत्या पोझिशनिंगने हे थांबेलच असं नाही, म्हणून डॉक्टर सांगतील तेव्हा खुब्याचा एक्स-रे काढणंही गरजेचं असतं.

आधी कंबर, मग मान

‘नीट बस’ म्हणत आपण मुलाचे खांदे किंवा डोकं सरळ करतो. थेरपिस्ट मात्र सुरुवात कमरेपासून करतात, कारण पाया हलला की वरचं सगळं कलतं. साधारणपणे खुर्चीत या गोष्टी पाहिल्या जातात:

- पार्श्वभाग पूर्ण मागे टेकलेला आणि दोन्ही बाजूंवर सारखा भार
- खुबे, गुडघे आणि घोटे साधारण ९० अंशात
- पाय लोंबकळते नाहीत, पाटावर किंवा फळीवर टेकलेले
- समोरचं टेबल कोपराच्या उंचीला

हे जमलं की मान सावरायला सोपी जाते आणि हात पुढे येतात. मग मूल चमचा धरू शकतं, चित्राकडे बोट दाखवू शकतं. अर्थात प्रत्येक मुलाचं शरीर वेगळं असतं, त्यामुळे नेमका कोन थेरपिस्टच ठरवतात.

दिवसभर एकच स्थिती नको

स्थिती कितीही योग्य असली तरी ती बदलत राहावी लागते. कुशीवर झोपवलं की दोन्ही हात समोर एकत्र येतात. जागेपणी, कुणीतरी जवळ असताना पोटावर ठेवलं की मान उचलायचा सराव होतो. काहींना स्टँडिंग फ्रेममध्ये उभं केलं जातं. त्वचेवरचा लाल वळ आधार काढूनही लवकर जात नसेल, तर तिथे दाब पडतोय असं समजा.

यासाठी सगळं विकतच आणावं लागतं असं नाही. गुंडाळलेली चादर, पाट किंवा भिंतीचा कोपराही आधार देतो. तो कसा वापरायचा, हे थेरपिस्टकडून एकदा शिकून घ्या.

काय टाळायचं?

- आडवं ठेवून भरवणं. अन्न श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. जेवणानंतरही साधारण अर्धा तास मुलाला लगेच आडवं करू नका.
- ताठ झालेले हातपाय जोर लावून ओढणं.
- खुर्चीत पट्टा बांधून मुलाला एकटं सोडणं.
- दुसऱ्या मुलासाठी बनवलेली खुर्ची माप न घेता वापरणं.

मदत कुठे मिळते?

भारतात ऑक्युपेशनल थेरपीची सुरुवात १९५० मध्ये मुंबईत केईएम रुग्णालयात झाली. त्यामागे कमला निंबकर होत्या. २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर ‘शीघ्र हस्तक्षेप केंद्रां’ची सोय आहे. जिल्हा रुग्णालयात त्याची चौकशी करा. अलिम्को ही सरकारी कंपनी सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी खास खुर्च्याही बनवते.

बाळाने चार महिन्यांपर्यंत मान धरली नाही, किंवा अंग फार ताठ अथवा फार सैल वाटलं, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत थांबू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. थेरपिस्टकडे जाताना मूल घरी कसं बसतं आणि कसं जेवतं, याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ मोबाइलवर घेऊन जा. दवाखान्यात जे दिसत नाही, ते त्यात दिसतं.