मशीनचे खरे आरपीएम किती? हात न लावता मोजा!



जुनं पल्व्हरायझर घेताना आपण रंग बघतो, आवाज ऐकतो, नेमप्लेट वाचतो आणि पैसे देऊन मोकळे होतो. पण शाफ्ट मिनिटाला खरंच किती फेरे घेतोय? ते कुणी मोजत नाही. आणि माल किती निघणार, हे तर त्यावरच ठरतं!

यासाठी डिजिटल फोटो टॅकोमीटर वापरतात. शाफ्टवर चमकणाऱ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवायचा. मीटर त्यावर प्रकाश टाकतो. टेप समोर आली की प्रकाश परत येतो आणि आतला सेन्सर एक फेरा धरतो. सेकंदाला १२ फेरे, म्हणजे १२ × ६० = ७२० आरपीएम. फिरत्या भागाला हात लावायचाच नाही.

मोजायचं कसं?

१. मेन स्विच बंद करा. शाफ्ट पूर्ण थांबू द्या.
२. तेल, धूळ पुसून टेपचा एकच तुकडा लावा. दोन लावले तर आकडा दुप्पट येईल.
३. शाफ्ट स्वतःच चकचकीत असेल तर आधी तेवढा भाग काळा करा.
४. मशीन सुरू करून प्रकाश टेपच्या जागेवर धरा. आकडा स्थिर झाला की लिहून ठेवा.

आधी रिकामं मशीन मोजा, मग माल टाकून मोजा.

आता हिशोब

समजा, ४-पोल मोटर आहे आणि लोडवर ती १४४० आरपीएमने फिरते. मोटरची पुली ४ इंची, मशीनची ८ इंची. म्हणजे मशीनवर साधारण ७२० यायला हवेत. माल टाकल्यावर ६५० आले, तर जवळपास १० टक्के वेग गेला. कुठे? मोटरचा शाफ्टही मोजा. तिथे १४४० असतील तर मोटर ठीक आहे, पट्टा घसरतोय. पट्टा ताणा किंवा बदला. नव्या मोटरवर हजारो रुपये घालवायची गरज नाही! मोटरच मंद असेल, तर व्होल्टेज आणि ओव्हरलोड तपासा.

दोन फसव्या गोष्टी

चोकवाली ट्यूबलाइट ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. तो प्रकाश सेन्सरवर पडला तर मीटर ६००० दाखवू शकतो. असा आकडा आला की मीटरची दिशा बदला.

दुसरी गोष्ट स्ट्रोबोस्कोपची. त्याचा दिवा ठरावीक वेगाने उघडझाप करतो. तो वेग जुळला की फिरता शाफ्ट थांबल्यासारखा दिसतो. पण खऱ्या वेगाच्या निम्म्यावर, तिसऱ्या हिश्श्यावरही तसाच दिसतो. म्हणून जास्त आकड्यापासून खाली या. खूण एकच आणि स्थिर दिसेल असा सर्वांत मोठा आकडा खरा. आणि लक्षात ठेवा, थांबलेला दिसतोय, थांबलेला नाही. हात घालू नका!

पुढच्या वेळी जुनं मशीन बघायला जाल, तेव्हा विकणाऱ्याला सांगा, "माल टाकून चालवून दाखवा, मी आरपीएम मोजतो." भाव त्यानंतरच बोला.