घाई करायला लावणारा फोन

आरोग्याच्या पानावर मोबाईलचा आणि कॉम्प्युटरचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण साधे आहे. वस्तीतल्या घरात बँकेत जे चार पैसे असतात ते बहुतेक वेळा कशासाठी तरी राखून ठेवलेले असतात. मुलीची फी, सासूबाईंच्या डोळ्याचे ऑपरेशन, सुनेचे बाळंतपण. हे पैसे एका दुपारी खात्यातून गेले की ऑपरेशन पुढे ढकलले जाते, बीपीच्या गोळ्या मध्येच बंद होतात, रात्रीची झोप उडते आणि घरात एकमेकांवर बोट दाखवणे सुरू होते. म्हणून ही चोरी घराच्या तब्येतीचाच प्रश्न आहे. आणि हा आजार बऱ्याच अंशी टाळता येतो.

चोर आधी भीती दाखवतो, मग घाई करतो

२०२२ साली महाराष्ट्रभर महावितरणच्या ग्राहकांना एक मेसेज येत होता. मागच्या महिन्याचे बिल अपडेट झालेले नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, ताबडतोब या नंबरवर अधिकाऱ्याशी बोला, असा त्याचा मतलब. फोन लावला की पलीकडचा माणूस गोड बोलून एक अॅप घ्यायला सांगायचा. एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, क्विकसपोर्ट अशी ही अॅप्स मुळात दुरून कॉम्प्युटर दुरुस्त करण्यासाठी असतात. ती चालू केली की आपला स्क्रीन चोराला त्याच्या घरी बसून दिसतो. मग तो म्हणतो, "फक्त दहा रुपये भरून बिल अपडेट करा." आपण दहा रुपये भरायला पिन टाकतो, ओटीपी येतो, आणि ते सगळे तो पाहत असतो. पुढच्या पाच मिनिटांत खाते रिकामे.

महावितरणने तेव्हाच सांगितले की कोणत्याही खासगी मोबाईल नंबरवरून ते असे मेसेज पाठवत नाहीत. त्यांच्या मेसेजवर पाठवणाऱ्याच्या जागी दहा आकडी नंबर नसतो, एमएसईडीसीएल हे नाव असते. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. वीज कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे बिल थकले तरी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. म्हणजे 'आज रात्री तोडतो' हे वाक्यच खोटे. शंका असेल तर १९१२ वर विचारा किंवा जवळच्या वीज कार्यालयात जा.

नाव बदलते, पद्धत तीच राहते. केवायसी संपली, खाते बंद होणार. पार्सलमध्ये ड्रग्ज सापडले. मुलाला पोलिसांनी पकडले. गाडीचे चलान थकले. प्रत्येकात भीती आणि घाई या दोन गोष्टी असतातच. भीतीने छाती धडधडते, श्वास वर होतो आणि माणसाला पुढचे सुचत नाही. चोराला नेमके तेच हवे असते. म्हणून पहिला उपाय शरीरावरच करायचा. फोन ठेवा, पाणी प्या, चार श्वास शांतपणे घ्या आणि घरातल्या किंवा शेजारच्या एका माणसाला सांगा. खरे काम दहा मिनिटे थांबले तरी बिघडत नाही.

समोरच्याला काय उत्तर द्यायचे? आपल्या वऱ्हाडी भाषेत एकच वाक्य पुरे : "बँकेतच येतो ना भाऊ, फोनवर काही सांगत नाई." पुढे बोलू नका. फोन कट करण्यात कसलाही अपमान नाही.

'डिजिटल अटक' आणि संविधान

पोलिसांचा गणवेश घातलेला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो आणि म्हणतो, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका." मग सुटकेसाठी पैसे मागतो. यात शिकलेली, निवृत्त अधिकारी माणसेही सापडली आहेत. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनाही याबद्दल देशाला सावध करावे लागले.

आपल्या देशाच्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. संविधानाचे कलम २२ वाचा. अटक केलेल्या माणसाला अटकेचे कारण सांगावे लागते, वकिलाला भेटू द्यावे लागते आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे लागते. हे कलम बाबासाहेबांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत मांडले होते. ज्यांच्या घरात संविधानाची प्रत आहे त्यांनी हे पान उघडून मुलांना दाखवावे. 'कोणाला सांगू नका' म्हणणारा पोलीस नसतो, चोर असतो.

योजनांच्या नावाने येणारी लिंक

लाडकी बहीण योजनेचे महिन्याचे १५०० रुपये वस्तीतल्या अनेक बहिणींच्या खात्यात येतात. सप्टेंबर २०२५ मध्ये या योजनेची ई-केवायसी सुरू झाली आणि लगेच त्याच नावाच्या खोट्या वेबसाइट निघाल्या. आधार नंबर आणि ओटीपी तिथे भरला की माहिती भलत्याच्या हातात. शिष्यवृत्ती, घरकुल, आयुष्मान कार्ड यांच्या नावानेही असेच चालते.

ओळखायचे कसे? सरकारी वेबसाइटच्या नावाचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा असतो. शेवट पाहा, सुरुवात पाहू नका. सुरुवातीला चोर काहीही लिहू शकतो. बँकांसाठीही रिझर्व्ह बँकेने आता 'डॉट बँक डॉट इन' असा वेगळा शेवट ठरवून दिला आहे. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून कोणताही फॉर्म भरू नका. आयुष्मान कार्ड मोफत असते. त्यासाठी कोणी फोनवर पैसे मागितले तर १४५५५ या हेल्पलाइनवर खात्री करा.

लग्नाची पत्रिका, चलान किंवा योजनेची यादी म्हणून व्हॉट्सअॅपवर एखादी फाइल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असते. ती पत्रिका नसते, अॅप असते. उघडली की ती तुमचे मेसेज वाचू लागते, ओटीपीसुद्धा. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नका, कारण त्या माणसाचा फोनही आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो. अॅप फक्त प्ले स्टोअरमधूनच घ्या.

पिन, क्यूआर आणि अंगठा

पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. पिन फक्त पैसे देताना लागतो. जुना कूलर विकायला काढला आणि घेणारा म्हणाला, "क्यूआर स्कॅन करून पिन टाका, पैसे येतील," तर पैसे येणार नाहीत, जातील. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला आपली म्हातारी माणसे मिनी बँकेत अंगठा लावतात. तिथे तीन गोष्टी पाळा. अंगठा लावण्याआधी मशीनवर रक्कम किती आहे ते विचारा. "झाले नाही, परत लावा" म्हटले तर आधी त्या न झालेल्या व्यवहाराची पावती मागा, मगच दुसऱ्यांदा अंगठा लावा. आणि महिन्यातून एकदा पासबुकात नोंद करून आणा. अंगठ्याचा वापर नेहमी होत नसेल तर आधारच्या अॅपमधून किंवा वेबसाइटवरून बोटांचे ठसे लॉक करून ठेवता येतात आणि लागतील तेव्हा उघडता येतात. मदतीसाठी आधारचा नंबर १९४७, म्हणजे स्वातंत्र्याचे साल.

दवाखान्याचा नंबर शोधताना

हे आजारी माणसाच्या घरी जास्त घडते. मोठ्या डॉक्टरची अपॉइंटमेंट हवी म्हणून आपण मोबाईलवर नंबर शोधतो. चोरांनी दवाखान्यांच्या नावाने आपले नंबर टाकून ठेवलेले असतात. तो म्हणतो, "नोंदणीचे पाच रुपये भरा," आणि लिंक पाठवतो. अमरावतीचे इर्विन, डफरीन असो की अकोल्याचे सर्वोपचार, लेडी हार्डिंग, सरकारी दवाखान्यात केसपेपर खिडकीवर निघतो, कोणाच्या लिंकवर नाही. खासगी दवाखान्याचा नंबर जुन्या चिठ्ठीवरून, फाइलवरून किंवा दारावरच्या पाटीवरून घ्या. रुग्णाजवळ बसलेल्या माणसाचे चित्त ठिकाणावर नसते, म्हणून पैसे भरण्याचे काम घरातल्या दुसऱ्या कोणावर सोपवा.

घरचा कॉम्प्युटर आणि सायबर कॅफे

मुलांच्या अभ्यासासाठी बऱ्याच घरांत आता जुना, सेकंडहँड कॉम्प्युटर आला आहे. त्याला 'अपडेट' करायला सांगणारी सूचना टाळू नका. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा व्हायरस जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी दवाखान्यांतले कॉम्प्युटर बंद पडले, रुग्णांच्या अपॉइंटमेंट आणि ऑपरेशने रद्द झाली. त्यावरचा अपडेट कंपनीने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिला होता. ज्यांनी तो घेतला नव्हता त्यांना फटका बसला. विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. जुना कॉम्प्युटर घेताना त्यात विंडोज ११ चालेल का, हे दुकानदाराला आधी विचारा. चालत नसेल तर तो अभ्यासाला वापरा, बँकेच्या कामाला नको.

कॅफेत शिष्यवृत्तीचा किंवा भरतीचा फॉर्म भरला की लॉगआउट करा, डाउनलोड झालेली आधार आणि जातीच्या दाखल्याची प्रत तिथून पुसून टाका. पासवर्ड कॅफेवाल्याच्या वहीत लिहून ठेवू नका. नाव आणि जन्मसाल मिळून केलेला पासवर्ड चटकन ओळखता येतो. तीन-चार वेगवेगळे शब्द जोडून लांब पासवर्ड करा. व्हॉट्सअॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन 'टू स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करा, म्हणजे ओटीपी चोरला तरी तुमचे व्हॉट्सअॅप दुसऱ्याला उघडता येणार नाही.

तरुणांनो, खाते भाड्याने देऊ नका

"तुझे खाते आणि सिम दे, महिन्याला पाच हजार घे," असे सांगणारे लोक बेकार तरुण आणि कॉलेजच्या मुलांना शोधतात. चोरलेले पैसे आधी अशाच खात्यांत जातात. पोलीस पैशाचा माग काढत येतात तेव्हा त्यांना खातेदाराचे नाव सापडते, चोराचे नाही. गुन्हा दाखल झाला की नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणी अडते. आई-बापांनी ज्या लेकराला पोटाला चिमटा घेऊन शिकवले, त्याचे पुढचे आयुष्य पाच हजारांत जाऊ देऊ नका. आपल्या नावावर किती सिम चालू आहेत हे 'संचार साथी' या सरकारी वेबसाइटवर पाहता येते. अनोळखी सिम दिसले तर तिथेच तक्रार करा.

पैसे गेलेच तर

पहिला तास सर्वांत मोलाचा. ताबडतोब १९३० या नंबरवर फोन करा. चोराच्या खात्यातून पैसे पुढे जाण्याआधी ते रोखण्यासाठीच हा नंबर आहे. उशीर झाला की पैसे दहा खात्यांत वाटले जातात. त्यानंतर बँकेला कळवा, कार्ड आणि खात्याचे व्यवहार बंद करायला सांगा आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या. लेखी तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या वेबसाइटवर किंवा अमरावती, अकोल्यातल्या सायबर पोलिसांकडे करा. फोनमधले मेसेज आणि नंबर पुसू नका, तोच पुरावा आहे. एफआयआर झाला तर त्याची प्रत मोफत मिळते, ती मागून घ्या.

रिझर्व्ह बँकेचा ६ जुलै २०१७ चा नियमही माहीत असू द्या. चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, आणि बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत तुम्ही कळवले, तर तुमच्यावर नुकसान पडत नाही. ओटीपी तुम्हीच दिला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान तुमचे, पण कळवल्यानंतर गेलेले पैसे बँकेच्या माथी. दोन्ही बाबतींत लवकर सांगणाऱ्याचाच फायदा.

आणि इथेच घराची परीक्षा असते. बायको, म्हातारे वडील किंवा कॉलेजातला मुलगा पैसे गेल्याचे दोन-दोन दिवस लपवतात, कारण त्यांना बोलणी खाण्याची भीती असते. त्या दोन दिवसांत पैसे हातचे जातात. आजच घरात सांगून ठेवा : असे झाले तर कोणी ओरडणार नाही, आधी १९३० लावू. फसलेला माणूस मूर्ख नसतो. समोर रोज हेच काम करणारी टोळी असते.

पैसे गेल्यावर माणूस गप्प झाला, जेवत नाही, झोपत नाही, जगण्यात अर्थ नाही असे बोलू लागला, तर त्याला एकटे सोडू नका. सरकारच्या टेली-मानस सेवेचा नंबर १४४१६ आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येते. बीपी, शुगरच्या गोळ्या चालू आहेत ना, हेही पाहा. पैसे पुन्हा कमावता येतील, माणूस आधी जपायचा.

हे चार नंबर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराजवळच्या भिंतीवर चिकटवा : फसवणुकीसाठी १९३०, मनाच्या आधारासाठी १४४१६, आधारसाठी १९४७, विजेसाठी १९१२. ज्यांना वाचता येत नाही त्यांना बचत गटाच्या बैठकीत हा लेख वाचून दाखवा, आणि वस्तीतल्या एखाद्या कॉलेजच्या मुलीला तिथेच सगळ्यांच्या फोनची सेटिंग पाहून द्यायला सांगा. एका दुपारचे काम आहे.