उणे १९६ अंशांतून आलेलं वासरू

कोल्हापुरात गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ग्लासात पडते आणि ते फेसाळ, निरसं दूध माणसं उभ्या उभ्या पितात. दुधाच्या ताजेपणाबाबत इतक्या काटेकोर असलेल्या या जिल्ह्यात गाई-म्हशींचा वंश मात्र कित्येकदा वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेल्या वीर्यातून पुढे चालतो. गोठवलेला जीव पुन्हा चालता करण्याचं माणसाचं जुनं स्वप्न खरं उतरलं ते गोठ्यात, आणि मला हे विसाव्या शतकातलं मोठं नवल वाटतं.

जनावर माजावर आलं की रेतन करणारा कर्मचारी कंटेनर घेऊन दारात येतो. आत द्रवरूप नायट्रोजन, उणे १९६ अंश सेल्सिअस. या थंडीत पेशीतल्या रासायनिक क्रिया जवळपास थांबतात. चिमट्याने तो पाव मिलिलिटरची कांडी उचलतो; तिच्यावर वळूचा क्रमांक छापलेला असतो. ३७ अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट बुडवली, पुसली, टोक कापलं की कांडी कामाला तयार. म्हशीची अडचण वेगळीच. तिचा माज बहुधा मुका, शिवाय उन्हाळ्यात तो ओळखणं आणखी अवघड. त्यामुळे या साऱ्या शास्त्राचं यश शेवटी धार काढणाऱ्या बाईच्या नजरेवर येऊन ठेपतं.

बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, हा मूळ अडसर. १९४९ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्तोफर पोल्ज आणि सहकाऱ्यांनी कोंबड्याचं वीर्य ग्लिसरॉलच्या आधाराने गोठवून जिवंत परत आणलं आणि वाट मोकळी झाली. त्याआधी फ्रान्समध्ये झाँ रोस्ताँ यांनी बेडकाच्या शुक्रपेशींवर असेच प्रयोग केले होते. ते वाचून अमेरिकेतल्या रॉबर्ट एटिंजर यांनी थेट माणसाचा विचार केला: आज मेलेल्याला गोठवावं, उद्याचं वैद्यक त्याला उठवील. त्यांचं पुस्तक १९६४ मध्ये व्यापारी प्रकाशकाकडून निघालं आणि १२ जानेवारी १९६७ रोजी जेम्स बेडफर्ड हे प्राध्यापक गोठवले गेलेले पहिले गृहस्थ ठरले.

त्याच १९६७ साली पुण्याजवळ उरुळी कांचनला मणिभाई देसाई यांनी ‘बाएफ’ उभी केली. गांधीजींनी १९४६ मध्ये तिथे सुरू केलेल्या निसर्गोपचार आश्रमाचं काम त्यांच्याकडे होतं. गोठवलेलं वीर्य शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेण्याचं काम या संस्थेने अंगावर घेतलं. इकडे कोल्हापुरात १९६३ पासून ‘गोकुळ’ दूध संघाचं सहकारी जाळं विणलं जात होतं, गावोगावच्या दूध संस्थांमुळे अशा सेवेला आयता रस्ता मिळाला.

लोकांनी ही गोष्ट स्वीकारली ती व्याख्यानांमुळे नव्हे, असं माझं ठाम मत आहे. गाय नऊ महिन्यांनी व्याली, म्हैस दहा महिन्यांनी, आणि पारडू शेजाऱ्याने डोळ्यांनी पाहिलं. एटिंजर यांच्या चळवळीकडे दाखवायला असं पारडू नाही. तिच्या संस्था आहेत, टाक्या आहेत, त्यांत काही शे देह आहेत; पण एकही परत आलेला नाही. कॅलिफोर्नियात चॅट्सवर्थ इथे तर १९७० च्या दशकात देखभाल थांबल्याने ठेवलेले देह वितळले. त्या कुटुंबांचं दुःख विसरण्याजोगं नाही.

शुक्रपेशी मात्र टिकतात. ऑस्ट्रेलियात १९६८ साली गोठवलेल्या मेंढ्याच्या वीर्याने अर्धशतकानंतर ५६ मेंढ्यांना रेतन केलं, त्यांतल्या ३४ गाभण राहिल्या. माणसाचा गोठवलेला गर्भही १९८४ मध्ये मेलबर्नला मूल होऊन जन्मला. पेशी आणि कोवळे गर्भ इवलेसे, म्हणून ग्लिसरॉलसारखा संरक्षक द्रव झटकन आत शिरतो आणि थंडी सर्वत्र सारखी पोहोचते. अख्खा अवयव जाड असतो. वितळताना एक भाग आधी तापतो, दुसरा मागे राहतो आणि त्याला तडे जातात.

त्यावर २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाने तोड काढली. उंदराच्या मूत्रपिंडात लोहाच्या ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण सोडून ते काचेसारखं गोठवलं, १०० दिवसांपर्यंत ठेवलं, चुंबकीय क्षेत्राने आतूनच तापवलं आणि दुसऱ्या उंदरात बसवलं. ते चाललं. माणसाचं मूत्रपिंड त्याच्या शंभरपट वजनाचं असतं, आणि एवढा मोठा अवयव सगळीकडून एकदम तापवणं हे आता या शास्त्रज्ञांपुढचं काम आहे.