न लिहिलेली रहस्यकादंबरी : युटाच्या वाळवंटापासून मढीच्या यात्रेपर्यंत

१८८७ सालच्या नाताळासाठी लंडनमध्ये ‘बीटन्स ख्रिसमस अ‍ॅन्युअल’ नावाचा वार्षिकांक निघाला. किंमत एक शिलिंग. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे असेच इंग्रजी नाताळ अंक होते. या १८८७ च्या अंकात आर्थर कॉनन डॉइल नावाच्या एका तरुण डॉक्टरची कादंबरी छापून आली होती. नाव ‘अ स्टडी इन स्कार्लेट’. प्रकाशकाने तिचे सगळे हक्क २५ पौंडांत विकत घेतले होते. शेरलॉक होम्स जगापुढे पहिल्यांदा आला तो या कादंबरीतून. पुढे भालबा केळकरांसारख्यांनी होम्सला मराठीत आणलं आणि आपल्या दोन पिढ्या त्याच्यावर वाढल्या.

होम्सच्या या पहिल्या गोष्टीच्या मुळाशी कोण आहे, हे मात्र पुष्कळ वाचक विसरून गेलेले असतात. मुळाशी आहे एक मुलगी, लूसी फेरिअर. १८४७ साली अमेरिकेच्या वाळवंटात तहानेने मरायला टेकलेल्या पाच वर्षांच्या लूसीला आणि तिला लेकीसारखं सांभाळणाऱ्या जॉन फेरिअरला मॉर्मन पंथाचा तांडा वाचवतो. अट एकच, आमचा धर्म स्वीकारायचा. लूसी युटात वाढते आणि पंथाबाहेरच्या एका तरुणाच्या प्रेमात पडते. मग पंथाचा पुढारी ब्रिगहॅम यंग स्वतः दारात येऊन उभा राहतो. दोन वडीलधाऱ्यांचे दोन मुलगे आहेत, त्यांतला एक निवडायचा, मुदत एक महिना. एका सकाळी जॉनच्या पांघरुणाला टाचलेली चिठ्ठी सापडते, एकोणतीस दिवस उरले. दुसऱ्या दिवशी घराच्या छतावर आकडा उमटलेला असतो, अठ्ठावीस. दारं बंद, खिडक्या बंद, बाप रात्रभर बंदूक घेऊन जागा, तरी रोज सकाळी एक आकडा कमी झालेला. कधी भिंतीवर, कधी जमिनीवर, कधी बागेच्या फाटकावर. लिहिणारा हात कुणाला दिसत नाही.

मला ही पानं होम्सच्या सगळ्या तर्ककौशल्यापेक्षा मोठी वाटतात. लूसीपायी पुढे झालेला खून कुणी केला, हा प्रश्न लंडनमध्ये सुटतो. त्याच्या आधी कितीतरी वर्षं एक मुलगी आपल्याच माणसांच्या वेढ्यातून निसटू शकेल का, हा प्रश्न वाचकाचा श्वास रोखून धरतो. ती निसटत नाही. पळताना बाप मारला जातो, तिला परत नेऊन लग्न लावतात आणि महिनाभरात ती झुरून मरते.

आता डॉइलची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पानं लिहिली तेव्हा त्याने युटा पाहिलेलंही नव्हतं. मॉर्मनांविषयी तेव्हा लंडनमध्ये जी भडक वर्णनं खपत होती, त्यांवर त्याने भिस्त ठेवली. खरा इतिहास जास्त गुंतागुंतीचा आहे. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात हा पंथ स्थापन केला. १८४४ मध्ये इलिनॉयच्या एका तुरुंगात जमावाने त्याला ठार मारलं. त्याचे अनुयायी गावोगाव हाकलले गेले आणि ब्रिगहॅम यंगबरोबर १८४७ च्या जुलैत सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचले. म्हणजे ज्यांच्या कडक शिस्तीची आपल्याला भीती वाटते, ते आधी स्वतः जिवाच्या भीतीने पळालेले लोक होते. पंथात चालणारं बहुपत्नीत्व मुख्य चर्चने १८९० मध्ये जाहीरपणे थांबवलं. हा निर्णय न मानणारे छोटे फुटीर गट तेवढे मागे राहिले. डॉइल १९२३ मध्ये सॉल्ट लेक सिटीत व्याख्यानाला गेला, तेव्हा तिथल्या लोकांनी त्याचं आदराने स्वागत केलं.

पंथाच्या आतून बाहेर पडलेल्या बायकांनी स्वतः लिहिलं, तेव्हा गोष्ट बदलली. अ‍ॅन एलायझा ही ब्रिगहॅम यंगचीच एक बायको. तिने १८७३ मध्ये त्याच्यावर घटस्फोटाचा दावा लावला, घर सोडलं आणि अमेरिकाभर व्याख्यानं देत आपली हकिगत सांगितली. तिचं आयुष्य आणि आजच्या एका फुटीर गटातला खून यांची वीण घालून डेव्हिड एबरशॉफने २००८ मध्ये ‘द नाइन्टीन्थ वाइफ’ ही कादंबरी लिहिली. एलिसा वॉल हिचं चौदाव्या वर्षी, २००१ मध्ये, नात्यातल्या एका भावाशी लग्न लावण्यात आलं. लावणारा होता अशाच एका गटाचा पुढे प्रमुख झालेला वॉरन जेफ्स. ती बाहेर पडली आणि २००७ मध्ये त्याच्यासमोर न्यायालयात उभी राहून तिने साक्ष दिली. दुसऱ्या मुलींवरच्या अत्याचाराबद्दल २०११ मध्ये टेक्सासात जेफ्सला जन्मठेप झाली. टारा वेस्टओव्हरचं २०१८ चं ‘एज्युकेटेड’ तर जगभर वाचलं गेलं. आपलं पुस्तक मॉर्मन धर्माबद्दल नाही, हे तिने सुरुवातीलाच बजावलं आहे, आणि ते बजावणं महत्त्वाचं आहे. एक घर कडक असतं म्हणून धर्मातलं प्रत्येक घर तसं असतं असं नाही.

हे सगळं मी नगर जिल्ह्यातल्या तिसगावच्या संदर्भात का सांगतो आहे? नगरहून पाथर्डीला जाताना करंजीचा घाट ओलांडला की तिसगाव लागतं. बाजारपेठेचं गाव. होळीच्या सुमाराला इथल्या रस्त्यावरून माणसांचा लोंढा मढीकडे वळतो. मढीच्या टेकडीवर कानिफनाथांची समाधी आहे. होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत यात्रा चालते, रंगपंचमीला तिचा मुख्य दिवस. रेवड्यांचा प्रसाद, निशाणं, आणि राज्यभर नाव असलेला गाढवांचा बाजार. वैदू, गोपाळ, कैकाडी, जोशी, बेलदार, कोल्हाटी अशा कितीतरी भटक्या समाजांची माणसं वर्षातून एकदा इथे भेटतात. मढीला भटक्यांची पंढरी म्हणतात ते यासाठी.

वर्षभर पालं घेऊन फिरणाऱ्या माणसांना एकत्र यायला जागा हवी होती, ती इथे मिळाली. सोयरिकी इथे जुळल्या, भांडणंही इथेच मिटली. आणि जातपंचायतीही इथेच बसल्या. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो ३१ ऑगस्ट १९५२ ला पुसला गेला, पण पोलिसांची नजर बदलायला कायदा पुरला नाही. अशा माणसाने फिर्याद घेऊन ठाण्यात जायचं कसं? कोर्टाची पायरी चढायची कुणाच्या जोरावर? पंच त्याच्या भाषेत बोलत, त्याच दिवशी निकाल देत. पंचायत टिकली ती नुसत्या धाकाने नव्हे, तिची गरजही होती. हे ज्याला कळत नाही त्याने या विषयावर लिहू नये.

पण त्या रिंगणात बाईची जागा कुठे होती? बहुतेक पंचायतींत तिला स्वतः उभं राहून बोलण्याची मुभा नसे. तिच्या वतीने बाप, भाऊ नाहीतर नवरा बोलणार. वैदूंसारख्या समाजांत मुलगी पाळण्यात असताना, कधी तर आईच्या पोटात असतानाच सोयरीक ठरे. पुढे ती शिकली, तिने नाही म्हटलं, की प्रकरण पंचांपुढे. मग दंड. दंड भरला नाही तर वाळीत. वाळीत म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकाला शब्दाने कळत नाही. लग्नाचं आमंत्रण नाही. मयताला खांदा द्यायला कुणी येणार नाही. धाकट्या बहिणीला स्थळ नाही. सख्ख्या भावाने बोलायचं नाही, बोलला तर त्यालाही दंड. पोरीने उचललेल्या एका पावलाची किंमत अख्खं घर भरतं, आणि हे तिला पाऊल उचलण्याआधीच माहीत असतं.

कंजारभाट समाजात नवरीच्या कौमार्याची चाचणी घेण्याची प्रथा. लग्नाच्या रात्री पांढरी चादर, बाहेर बसलेले पंच, आणि सकाळी नवऱ्याला सगळ्यांदेखत विचारला जाणारा प्रश्न. याच समाजातल्या कृष्णा इंद्रेकरांनी ही चाचणी नाकारून १९९६ मध्ये नोंदणी पद्धतीने लग्न केलं. विवेक तमायचीकर आणि त्यांच्या सोबतच्या तरुण-तरुणींनी २०१७-१८ च्या सुमारास याविरुद्ध जाहीर मोहीम उभी केली. २०१८ च्या नवरात्रात पिंपरीत, चाचणी नाकारून लग्न केलेल्या एका तरुणीला दांडियातून बाहेर काढल्यावरून गुन्हा नोंदवला गेला. गरबा थांबतो, गाणं बंद होतं, शेकडो माणसं एका बाईकडे पाहत उभी राहतात. यापेक्षा भेदक प्रसंग कुठल्या कादंबरीकाराला सुचणार आहे?

२०१३ च्या जूनमध्ये नाशिकला एका बापाने आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळला. तिने जातीबाहेर लग्न केलं होतं. खटला वर्षानुवर्षं चालला. फाशी झाली, उच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून २० वर्षांची सक्तमजुरी दिली. या खुनामागचा जातपंचायतीचा दबाव महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी पुढे आणला. २०१३ च्याच ऑगस्टमध्ये नाशिकला समितीच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या पुढाकाराने जातपंचायतीला मूठमाती देण्याचं अभियान सुरू झालं. २० ऑगस्टला पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. अभियान थांबलं नाही. कृष्णा चांदगुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव पंचांशी बोलणी केली. वैदू समाजातल्या दुर्गा गुडिलू पंचायतीविरुद्ध उघडपणे उभ्या राहिल्या. वैदूंसह काही समाजांच्या पंचायतींनी स्वतःला बरखास्त केलं, आणि तेही शत्रूसारखं भांडून नव्हे, समोरासमोर बसून.

कायदाही आला. मुंबई राज्याने १९४९ मध्ये बहिष्कृत करण्याविरुद्ध कायदा केला होता. दाऊदी बोहरांच्या धर्मगुरूंनी त्याला आव्हान दिलं आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पुढची अर्धी शताब्दी पोकळी राहिली. महाराष्ट्र विधिमंडळाने एप्रिल २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा कायदा मंजूर केला, राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो ३ जुलै २०१७ ला लागू झाला. बहिष्कार टाकणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पीडित व्यक्ती किंवा तिच्या घरचं कुणीही पोलिसांकडे किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाऊ शकतं. देशात असा कायदा करणारं हे पहिलं राज्य.

मराठी साहित्याने या जगाकडे पाठ फिरवली असं मी म्हणणार नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० मध्ये आलं आणि दुसऱ्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जातीबाहेर लग्न केल्यावर पंचायतीची कुऱ्हाड घरादारावर कशी पडते, हे त्यात अंगावर येतं. किशोर शांताबाई काळे यांच्या ‘कोल्हाट्याचं पोर’मध्ये त्यांच्या आईचं आयुष्य आहे. रामनाथ चव्हाणांनी भटक्या विमुक्तांच्या जातपंचायतींवर खंडच्या खंड लिहिले. याच जिल्ह्यातल्या राहुरीत राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी तर ‘स्मृतिचित्रे’मध्ये सोवळ्यातून बाहेर पडणाऱ्या बाईचं मन इतकं उघड केलं की त्याला तोड नाही. परक्या घरचं पाणी प्यायचं की नाही, एवढ्या प्रश्नावर लक्ष्मीबाई वाचकाला अडकवून ठेवतात.

कमी पडली ती रहस्यकथा. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या, झुंजार आणि काळा पहाड घराघरांत पोचले. सुहास शिरवळकरांनी तरुणांना वेड लावलं. पण या परंपरेत बाई आली ती बहुतेक वेळा प्रेत म्हणून, मोहिनी म्हणून, नाहीतर नायकाने सोडवायची म्हणून. स्वतःच्या सुटकेचा कट स्वतः रचणारी, जिच्या डोक्यात बसून आपण रात्र काढतो अशी बाई या परंपरेला फारशी लाभली नाही.

तिची कादंबरी कशी असेल, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. पंचांना कुणी कळवलं? आईला ठाऊक होतं का? मोबाईलवर आलेला अनोळखी नंबर भावाचा की पंचाच्या मुलाचा? एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या माणसाने आपल्याला ओळखलं का? शिकायला म्हणून पुण्याला गेलेल्या मुलीला यात्रेला घरी बोलावतात, तेव्हा ते बोलावणं मायेचं की सापळ्याचं? आणि या सगळ्यांहून अवघड प्रश्न म्हणजे सुटल्यावर तिला आजीची आठवण येईल तेव्हा ती काय करेल? डॉइलला हा शेवटचा प्रश्न सुचला नव्हता, कारण त्याला मॉर्मनांची माया ठाऊक नव्हती. वेढा घालणारी माणसं त्याने नुसती काळी रंगवली. आपल्याकडे बाहेरच्या लेखकाने हेच केलं तर भटक्या समाजांवरचा दीडशे वर्षांचा जुना शिक्का तो नव्याने मारेल. म्हणून ही कादंबरी त्या घरात वाढलेल्या मुलीनेच लिहावी, असं मला मनापासून वाटतं.

पाथर्डी, शेवगाव, नगरच्या कॉलेजांत आज या समाजांतल्या मुली शिकत आहेत. त्यांच्या प्राध्यापकांना आणि दिवाळी अंकांच्या संपादकांना माझी विनंती आहे. या मुलींकडून फक्त आत्मकथनं मागू नका. त्यांना रहस्यकथा लिहायला सांगा, नाव गुप्त ठेवायचं असेल तर ठेवू द्या, मानधन वेळेवर द्या, आणि अंकाची पहिली पानं त्यांच्यासाठी राखून ठेवा.