जॅरोच्या मठातील इतिहासकार

इ. स. 731 मध्ये इंग्लंडच्या ईशान्य भागातील जॅरो येथील मठात बीड नावाच्या ख्रिस्ती साधूने इंग्रज लोकांच्या धर्मेतिहासाचा पाचवा व अखेरचा भाग पुरा केला, आणि राजांच्या लढाया, बिशपांच्या नेमणुका व संतांचे चमत्कार यांनी भरलेल्या त्या विस्तृत ग्रंथाच्या शेवटी स्वतःविषयी थोडासाच मजकूर जोडला. वयाच्या सातव्या वर्षी आप्तांनी आपल्याला मठाधिपती बेनेडिक्ट बिस्कप यांच्या स्वाधीन केले, पुढचे सारे आयुष्य याच मठात गेले, आणि नित्याच्या उपासनेतून जो वेळ उरला तो अध्ययन, अध्यापन व लेखन यांत मोठ्या गोडीने घालविला, एवढीच ती हकिकत. बाकी यादी आहे ती आपल्या ग्रंथांची. श्रद्धा, विद्या आणि स्मरण ही तिन्ही बीडच्या मनात वेगळी नव्हतीच. पूर्वजांनी आपल्या हाती जे सोपविले त्याचा चोख हिशेब द्यावा, ही त्याच्या दृष्टीने उपासनाच होती.

मठ जुळा होता, वेअरमाउथ आणि जॅरो मिळून एकच. वेअरमाउथची स्थापना 674 ची. जॅरोच्या चर्चचे समर्पण 23 एप्रिल 685 रोजी झाले असे सांगणारी शिळा आजही तेथे पाहावयास मिळते. त्यानंतर लवकरच साथ आली, आणि समूहाने स्तोत्रे गाऊ शकतील असे सारे साधू तिने नेले. उरले मठप्रमुख चेओल्फ्रिथ आणि त्यांच्याच हाताखाली वाढलेला एक लहान मुलगा. दोघांच्या बळावर गायनाचा पूर्ण विधी पेलणार नाही म्हणून चेओल्फ्रिथ यांनी मधली पालुपदे गाळण्याची तजवीज केली खरी, परंतु आठवडाभरातच त्यांना ती काटछाट असह्य झाली, आणि डोळे पुशीत का होईना, त्या पोराला साथीला घेऊन त्यांनी पूर्वीचा क्रम अक्षरशः पुन्हा सुरू केला. तो मुलगा बीडच असावा, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. तसे असेल तर विद्येची परंपरा दोन कंठांवर कशी तगून राहते, याचा धडा त्याला इतिहास लिहावयास बसण्यापूर्वी कितीतरी आधी मिळाला होता.

बिस्कप रोमच्या वाऱ्या करून ग्रंथ आणीत. त्या संग्रहाच्या आधारावर बीडने मठाबाहेर फारसे न पडता पंचांग, व्याकरण, भरती-ओहोटी आणि बायबलवरील भाष्ये असे नानाविध लेखन केले. कालगणनेवरील त्याचा 725 चा ग्रंथ तर बोटांवर आकडे कसे मोजावेत येथपासून आरंभ करतो, कारण समोर विद्यार्थी बसलेले आहेत याचा विसर त्याला क्षणभरही पडत नाही. याच मठात तयार झालेली संपूर्ण लॅटिन बायबलची एक अवाढव्य प्रत सध्या फ्लॉरेन्स येथे आहे; तिचे वजन सुमारे 34 किलो भरते. विद्यादानाविषयी बीडला किती आदर होता हे पाहावयाचे तर 664 च्या सुमाराची त्याने नोंदविलेली गोष्ट वाचावी: आयर्लंडमध्ये शिकावयास गेलेल्या इंग्रज तरुणांना तेथील लोक रोजचे अन्न, वाचावयास ग्रंथ आणि शिक्षण, सारे काही विनामूल्य देत असत.

इतिहासकार म्हणून त्याची खरी थोरवी दिसते ती प्रस्तावनेत. केंटची माहिती कँटरबरीच्या मठाधिपती अल्बिनस यांच्याकडून मिळाली, लंडनचे धर्मगुरू नॉथेल्म यांनी रोमला जाऊन पोपच्या दप्तरखान्यातील पत्रांच्या नकला आणल्या, अमुक प्रांताची हकिकत अमुक बिशपांनी कळविली, असा साक्षीपुरावा तो आधी वाचकापुढे मांडतो आणि मगच कथा सांगू लागतो. चमत्कारही तो सांगतो, पण ते कोणाच्या तोंडून ऐकले हे बहुधा नमूद करतो. आजच्या वाचकाला ते चमत्कार पटोत वा न पटोत, ही शिस्त पटल्यावाचून राहत नाही.

त्याच्या श्रद्धेला डागही आहेत, आणि ते झाकून ठेवणे बीडच्याच रीतीला सोडून होईल. आयरिश परंपरेतील बिशप एडन हे ईस्टरची तिथी चुकीची धरीत म्हणून तो त्यांना स्पष्ट दोष देतो, तरी त्यांची निरिच्छता आणि गरिबांविषयीची कणव मोकळ्या मनाने वाखाणतो. चेस्टरच्या लढाईत मात्र प्रार्थनेसाठी आलेले बँगोरचे सुमारे 1,200 ब्रिटन साधू मारले गेले आणि जेमतेम 50 निसटले, हे सांगताना त्याचा कंठ दाटत नाही. रोमच्या पंथाशी एकी न केल्याचे ते फळ, असाच त्याचा सूर आहे.

लिंडिसफार्नच्या साधूंसाठी त्याने संत कथबर्ट यांचे चरित्र लिहिले, तेव्हा मोबदला म्हणून आपले नाव त्यांच्या मठाच्या नामपटात नोंदवून मृत्यूनंतर आपल्यासाठी प्रार्थना करावी, अशी आठवण त्याने प्रस्तावनेतच दिली. मे 735 मध्ये अखेरचे दिवस आले तेव्हाही योहानाच्या शुभवर्तमानाचे इंग्रजी भाषांतर तो सांगत होता, विल्बर्ट नावाचा मुलगा लिहून घेत होता. आपल्या छोट्या पेटीतील मिरे, वस्त्रे व धूप त्याने मठातील धर्मगुरूंना वाटून दिले आणि आपल्यासाठी प्रार्थना करण्याची त्यांना विनवणी केली.

पुढे अकराव्या शतकात आल्फ्रेड नावाचा डरहॅमचा एक धर्मगुरू दरवर्षी बीडच्या पुण्यतिथीला जॅरोस येऊन प्रार्थना करीत असे. एके वर्षी तो पहाटेच गुपचूप परतला, आणि त्यानंतर त्या बाजूस फिरकला नाही. बीडच्या अस्थी कोठे आहेत असे कोणी विचारले, तर ते माझ्याइतके कोणालाच ठाऊक नाही, असे सांगे. डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये आज बीडची समाधी दाखवितात ती या चोरीच्या बळावर. स्वतः बीडला ही हकिकत लिहावी लागती, तर आल्फ्रेडचा शब्द त्याने तेवढ्यावरच प्रमाण मानला असता असे वाटत नाही.