गोळीने मिळवलेले महिने

सुरतेत लिंबायत, उधना, डिंडोलीतल्या खानदेशी घरांत मेंदूत गाठ निघाली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुंबईला टाटाला न्यायचं का? परळचं टाटा मेमोरियल 1941 साली उघडलं, तेव्हापासूनची ही वाट. पण तिथे पोचूनही कितीतरी वर्षं मेंदूच्या गाठीला केमोचा आधार नव्हताच म्हणा.

मेंदूवर पहारा असतो. तिथल्या रक्तवाहिन्यांच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट चिकटलेल्या, की बहुतेक औषधं आत शिरतच नाहीत. 1970च्या दशकात लोमुस्टिन, कार्मुस्टिन वापरात आली. चरबीत विरघळत असल्याने ती आत पोचत. पण रक्तपेशी घसरत, आणि ग्लायोब्लास्टोमासारख्या आक्रमक गाठीपुढे त्यांचं फारसं चालत नसे.

बर्मिंगहॅमच्या ॲस्टन विद्यापीठात माल्कम स्टीव्हन्स यांच्या गटाने टेमोझोलोमाइड हे औषध शोधलं. 2005 साली कर्करोगतज्ज्ञ रॉजर स्टुप यांनी ग्लायोब्लास्टोमाच्या 573 रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. नुसत्या किरणोपचाराने मध्यक आयुष्य 12.1 महिने, जोडीला ही गोळी दिली तर 14.6. अडीच महिन्यांसाठी एवढा खटाटोप? घरचे असं विचारतात, त्यात चूक काही नाही. पण दोन वर्षांनंतर हयात असलेले शंभरातले 10 होते, ते 26 झाले. हा आकडाही त्यांना सांगायला हवा.

गोळी घरीच घेता येते, हे लूमवर रोजंदारी करणाऱ्याला फार मोठं. किरणोपचाराचे सहा आठवडे रोज, मग दर 28 दिवसांत पाच दिवस. उपाशीपोटी, आधी उलटीची गोळी घेऊन. रक्ततपासणी मात्र चुकवायची नाही; प्लेटलेट गुपचूप उतरतात. भारतीय कंपन्या हे औषध बनवू लागल्यामुळे ते आवाक्यात आलं.

आणि ते जुनं लोमुस्टिन? 2013 साली एका दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष आले. विशिष्ट जनुकीय बदल असलेल्या ऑलिगोडेंड्रोग्लिओमा या मेंदूच्या गाठीत किरणोपचाराला लोमुस्टिनसह तीन औषधांची जोड दिली, तर आयुष्य 7.3 वर्षांवरून 14.7 वर्षांवर गेलं. महिने नव्हे, वर्षं. ज्याला आपण सरसकट ‘मेंदूचा कॅन्सर’ म्हणतो, त्यात एवढं अंतर आहे.

म्हणून सुरतेत उपचार घ्या वा मुंबईत, केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारा: गाठीच्या तुकड्यावर आयडीएच, एमजीएमटी, वन-पी-नाइन्टीन-क्यू यांतल्या कोणत्या जनुकीय तपासण्या लागतात, आणि त्या झाल्या का?