जाक प्लांट: मुखवटा घालणारा गोलरक्षक

आज आपण ज्या खेळाडूविषयी बोलणार आहोत त्याचं नाव आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नसतं. कॅनडात मात्र हॉकी बघणाऱ्या घरांत ते सगळ्यांना ठाऊक असतं. जाक प्लांट. आईस हॉकीचा व्यावसायिक गोलरक्षक. त्याने किती चषक जिंकले ते आपण पाहूच, पण आज आपल्याला मुख्यतः त्याचा स्वभाव समजून घ्यायचा आहे. कारण या माणसाने एके रात्री एक साधी मागणी केली आणि त्यामुळे एका संपूर्ण खेळाला ‘शूर कुणाला म्हणायचं’ याचा फेरविचार करावा लागला.

आधी खेळ थोडा समजून घेऊ. हॉकी म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे ध्यानचंद येतात, मैदान येतं, चेंडू येतो. आईस हॉकीत मैदानाऐवजी बर्फ असतो, पायांत स्केट्स असतात आणि चेंडूऐवजी ‘पक’ असतो. पक म्हणजे कडक रबराची चकती: तीन इंच रुंद, एक इंच जाड, वजन साधारण १६० ते १७० ग्रॅम. खेळण्यापूर्वी ती गोठवतात, म्हणजे बर्फावर उसळत नाही. चांगल्या खेळाडूचा फटका ताशी १५० किलोमीटरच्याही पुढे जातो. गोल सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. त्याच्यासमोर एक माणूस उभा असतो, आणि बहुतेक वेळा त्याच्यापुढे खेळाडूंची गर्दी असते, त्यामुळे पक निघाला कुठून हेच त्याला उशिरा दिसतं.

आता यात एक गोष्ट मिळवा. १९५९ पर्यंत नॅशनल हॉकी लीगमधले गोलरक्षक हे सगळं उघड्या चेहऱ्याने करत होते. पायांना जाड पॅड, छातीला संरक्षण, हातांत मोठे मोजे, आणि चेहऱ्यावर काहीच नाही. म्हणजे आधी कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं असं नाही बरं का. १९३० मध्ये माँट्रियल मरून्सचा क्लिंट बेनेडिक्ट याने दुखापतीनंतर काही सामन्यांत चामड्याचा मुखवटा वापरला होता. पण त्यातून नीट दिसेना, म्हणून त्याने तो सोडून दिला, आणि पुढची जवळजवळ तीस वर्षं त्या वाटेला कुणी गेलं नाही.

प्लांटचा जन्म १९२९ चा, कॅनडाच्या क्विबेक प्रांतातला. अकरा भावंडांत हा थोरला. वडील कामगार, घरात पैसा बेताचा. आईने त्याला विणकाम शिकवलं, कारण लोकरीच्या टोप्या विकत घेण्यापेक्षा घरी विणलेल्या परवडत. लहानपणापासून त्याला दमा होता. बर्फावर फार वेळ पळापळ झाली की श्वास पुरत नसे, म्हणून तो गोलात उभा राहू लागला.

विणकाम त्याने पुढेही सोडलं नाही. लीगमधला नामवंत गोलरक्षक झाल्यावरसुद्धा तो सुया आणि लोकर घेऊन बसायचा. स्वतः विणलेली टोपी घालून खेळायचा. माँट्रियल कॅनेडियन्स संघात आल्यावर प्रशिक्षक डिक अर्विन यांनी टोपी बंद करायला लावली. सहकाऱ्यांत तो फारसा मिसळत नसे. पैसे जपून खर्च करायचा. दम्याचं कारण सांगून कधी संघापासून वेगळ्या हॉटेलात उतरायचा. अशा माणसाला आपल्याकडे ‘विक्षिप्त’ म्हणून मोकळे होतात, तिथेही झाले.

पण जरा बारकाईने बघितलं तर या विक्षिप्तपणात एक सूत्र सापडतं. ‘सगळे असंच करतात’ हे उत्तर त्याला पटत नसे. उदाहरण घेऊ. तोवर गोलरक्षकाने आपल्या चौकटीत उभं राहायचं, पक अडवायचा, बस्स. प्लांट तरुणपणी ज्या संघात होता तिथले बचावपटू कच्चे होते. गोलामागे गेलेला पक त्यांच्याकडून वेळेत निघत नसे. मग हाच जागा सोडून मागे जाऊ लागला, पक थांबवून सहकाऱ्याकडे देऊ लागला. प्रेक्षकांच्या छातीत धडकी भरायची, कारण मागे गोल मोकळा! पण त्याचा हिशेब पक्का होता: पक आपल्या ताब्यात आहे तोवर गोल होऊ शकत नाही. आज हे जगभरच्या गोलरक्षकांना शिकवलं जातं.

या पद्धतीने खेळून त्याने काय मिळवलं? १९५६ ते १९६० अशी सलग पाच वर्षं कॅनेडियन्सनी स्टॅनली चषक जिंकला. सलग पाच वेळा हा चषक जिंकणं त्याआधी कुणाला जमलं नव्हतं, आजवर पुन्हा कुणाला जमलेलं नाही. त्या पाचही वर्षी सर्वांत कमी गोल खाल्ल्याबद्दलचा व्हेझिना करंडक प्लांटकडे होता.

आता चेहऱ्याकडे येऊ. सरावातच आपल्या सहकाऱ्यांच्या फटक्यांनी त्याच्या गालाची हाडं मोडली होती. नाक एकापेक्षा जास्त वेळा मोडलं होतं. पुढे सायनसची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर प्रशिक्षक टो ब्लेक यांनी सरावात मुखवटा घालायची परवानगी दिली. सामन्यात मात्र नाही. याच सुमारास फायबरग्लासच्या कंपनीत काम करणाऱ्या बिल बर्चमोर यांनी त्याला पत्र लिहिलं, की चेहऱ्याच्या मापाचा पातळ पण मजबूत मुखवटा करता येईल. मग प्लांटच्या चेहऱ्याचा प्लास्टरमध्ये साचा घेतला, श्वासासाठी नाकात नळ्या घालून. त्या साच्यावरून मुखवटा तयार झाला.

ब्लेक नको का म्हणत होते? त्यांना आपण खलनायक करायला नको. ते स्वतः उत्तम खेळाडू होते, आणि त्यांचे दोन मुद्दे होते. एक, मुखवट्याच्या भोकांतून पायाजवळचा पक दिसणार नाही. हा मुद्दा रास्त होता, बेनेडिक्टचा अनुभव तोच होता. दुसरा मुद्दा स्वभावाचा. चेहरा सुरक्षित झाला की गोलरक्षक ढिला पडेल, भीती आहे म्हणून तो सावध आहे. या दुसऱ्या मुद्द्यात त्या काळाची सगळी समजूत आहे. वेदनेची शक्यता म्हणजेच खेळाडूचा कस, असं मानलं जात होतं.

आणि ही समजूत काही फक्त कॅनडाची नव्हती. १९६२ मध्ये बार्बाडोसमध्ये आपल्या क्रिकेट संघाचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्याला चेंडू लागला, कवटी फुटली, तातडीने शस्त्रक्रिया करावी लागली, आणि त्याचं कसोटी क्रिकेट तिथेच संपलं. तरी फलंदाजांच्या डोक्यावर हेल्मेट रुळायला सत्तरचं दशक सरत यावं लागलं.

१ नोव्हेंबर १९५९. न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन. न्यूयॉर्क रेंजर्सच्या अँडी बाथगेटचा फटका प्लांटच्या चेहऱ्यावर बसला. चेहरा रक्ताने भरला. त्याला आत नेऊन टाके घातले. त्या काळी संघ राखीव गोलरक्षक सोबत ठेवत नसत. गोलरक्षक जखमी झाला की टाके पडेपर्यंत खेळ थांबे, आणि तो परतायचा. नाहीच परतला, तर यजमानांनी ठेवलेला एखादा हौशी खेळाडू उभा करायचा. प्लांटने ब्लेकना सांगितलं, मुखवटा घालू दिलात तरच मी परत जाईन. ब्लेकपुढे दुसरा मार्ग नव्हता. प्लांट मुखवटा घालून बर्फावर आला आणि कॅनेडियन्सनी तो सामना ३-१ असा जिंकला.

इथे आपण थोडं थांबू या. इतके जण जखमी होत होते, मग हे आधी कुणी का केलं नाही? ते सगळे मूर्ख होते का? नाही. तेव्हा लीगमध्ये सहाच संघ होते, आणि प्रत्येक संघात एकच नियमित गोलरक्षक. म्हणजे या व्यवसायात एकूण नोकऱ्या सहा! खालच्या लीगमध्ये रांग लावून माणसं उभी. अशा ठिकाणी ‘मला भीती वाटते’ म्हणणं म्हणजे जागा सोडणं. त्यामुळे भीती प्रत्येकाने आपापल्या परीने गिळली. ग्लेन हॉलचंच बघा. १९५५ ते १९६२ या काळात तो सलग ५०२ सामने खेळला, तेही मुखवट्याशिवाय. हा विक्रम कुणी मोडेल असं वाटत नाही. आणि हाच हॉल सामन्याआधी नेहमी ओकायचा. टेरी सॉचक हा त्या काळातला आणखी एक असामान्य गोलरक्षक. त्याच्या चेहऱ्यावर सगळे मिळून चारशेच्या आसपास टाके पडले असं सांगितलं जातं.

प्लांट या दोघांपेक्षा जास्त शूर होता किंवा कमी शूर होता, असा हिशेब आपण करू नये. फरक इतकाच की त्याने भीती लपवली नाही आणि तिच्यावर उपाय शोधला. उपाय हाताशी तयार ठेवला. आणि संघाला आपल्यावाचून चालणार नाही ती वेळ आली, तेव्हा मागणी केली. सलग चार चषक जिंकून देणारा गोलरक्षक, आणि त्या रात्री बदली कुणी नाही. नुसता स्वभाव पुरला नसता. तो नवखा असता तर कदाचित दुसऱ्या दिवशी त्याला घरी पाठवलं असतं.

टीका झालीच. मुखवटा घालणारा भित्रा, असं बोललं गेलं. त्यावर प्लांटचं म्हणणं साधारण असं होतं, की पॅराशूटशिवाय विमानातून उडी मारणाऱ्याला कुणी शूर म्हणत नाही. पुढचे कित्येक सामने संघ हरला नाही, त्यामुळे ब्लेकनाही काही म्हणता येईना. मार्च १९६० मध्ये त्यांच्या विनंतीवरून प्लांट एक सामना मुखवट्याविना खेळला. डेट्रॉइटने तो ३-० असा जिंकला. मुखवटा परत आला तो कायमचा. त्या वर्षी कॅनेडियन्सनी अंतिम फेरीपर्यंतचे आठही सामने जिंकून चषक घेतला. उपांत्य फेरीत शिकागोच्या गोलात समोर उभा होता तो ग्लेन हॉल, उघड्या चेहऱ्याने.

प्लांटची पुढची कारकीर्द सरळ रेषेत गेली नाही. १९६२ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून हार्ट करंडक, आणि १९६३ मध्ये त्याच संघाने त्याला न्यूयॉर्कला देऊन टाकलं. १९६५ मध्ये निवृत्ती. मग १९६८ मध्ये सेंट लुइस संघाने त्याला परत बोलावलं. तिथे जोडीला कोण? ग्लेन हॉल! चाळिशीतला प्लांट आणि सदतीस वर्षांचा हॉल, दोघांनी मिळून त्या मोसमाचा व्हेझिना करंडक जिंकला. आणि त्याच मोसमात हॉलनेही मुखवटा घालायला सुरुवात केली.

१९७० च्या अंतिम फेरीत बोस्टनविरुद्ध एक फटका दिशा बदलून थेट प्लांटच्या कपाळावर आला. मुखवट्याला तडा गेला आणि प्लांट बेशुद्ध पडला. मुखवटा नसता तर आपण वाचलो नसतो, असं त्याने नंतर सांगितलं. पुढच्याच मोसमात टोरंटोकडून खेळताना त्याची सरासरी लीगमध्ये सर्वांत चांगली होती, सामन्यामागे १.८८ गोल. वय बेचाळीस! टोरंटोत बर्नी पेरंट हा तरुण गोलरक्षक त्याच्या हाताखाली शिकला, आणि त्याने पुढे १९७४ आणि १९७५ मध्ये फिलाडेल्फियाला चषक मिळवून दिला. प्लांट १९८६ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये वारला.

या व्यवसायाविषयी प्लांटचा एक प्रश्न नेहमी सांगतात. त्याचा आशय असा: आपली चूक झाली की डोक्यामागे लाल दिवा लागतो आणि हजारो लोक ओरडतात, अशी नोकरी तुम्हाला आवडेल का? आईस हॉकीत गोल झाला की खरोखरच गोलामागे लाल दिवा लागतो. गोलरक्षकाचा स्वभाव घडतो तो या दिव्यापुढे. चूक सगळ्यांना दिसते, आणि अडवलेले तीस फटके कुणाच्या लक्षात राहत नाहीत. अशा जागी उभ्या असलेल्या माणसाकडून आपण वर चेहराही मागत होतो. प्लांटने चुकीची जबाबदारी घेतली, चेहरा द्यायला मात्र नकार दिला.

आज लीगमध्ये मुखवट्याशिवाय कुणी गोलात उभं राहत नाही. मुखवट्याविना खेळणारा शेवटचा गोलरक्षक अँडी ब्राऊन १९७४ पर्यंत होता. म्हणजे प्लांटच्या त्या रात्रीनंतरही पंधराएक वर्षं लागली. एखाद्या कारखान्यात, बांधकामावर, गटार साफ करणाऱ्यांत ‘पूर्वीपासून असंच चालतं’ हे वाक्य कानावर आलं, की आपण दोन प्रश्न विचारू या. दुखापत कुणाच्या वाट्याला येते? आणि ती सोसायची की नाही हे ठरवतं कोण? ही दोन माणसं वेगळी असतील, तर तिथे शौर्याच्या गप्पा जरा जपूनच ऐकाव्यात.

इथे थांबू या.